उंबऱ्यावरचं अंडं

भूत हा शब्द नुसता कानावर पडला तरी जयंतीबाईंच्या अंगात यायचं. असं म्हटलेलं त्यांना मुळीच आवडलं नसतं, पण आहे ते आहे. अमरावतीला त्यांचे वडील शाळेत विज्ञान शिकवायचे आणि दर सर्वपित्री अमावस्येला विद्यार्थ्यांना घेऊन स्मशानात भजी खाऊन यायचे. बघा, कुणी काही करत नाही, हे गावाला कळावं म्हणून. बाई त्याच बापाची लेक. मनोविकारतज्ज्ञ झाली, पंच्याहत्तर साली कॅनडात रेजिनाला आली, हजारो पेशंट तपासून रिटायर झाली. आणि घरी स्वस्थ बसवेना म्हणून नव्याने आलेल्या निर्वासितांच्या क्लिनिकमध्ये आठवड्यातून दोन दिवस फुकट जाऊन बसायला लागली.

नेमक्या अशा बाईसमोर ओलोया येऊन बसला.

छत्तीस वर्षांचा माणूस. उत्तर युगांडातला, अचोली जमातीचा. हॉस्पिटलमध्ये फरशा पुसायचा. बायको दोन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेलेली, पदरी सात वर्षांची लाकेर. झोप येत नाही म्हणून गोळ्या मागायला आला होता. जयंतीबाईंनी दोन-तीनदा बोलतं केलं आणि गेल्या मार्चात एका दुपारी त्याने सगळं सांगून टाकलं. अकरा वर्षांचा असताना बंडखोरांनी त्याला गावातून पळवून नेलं. पन्नास पोरांची रांग, डोक्यावर ओझी, दिवसच्या दिवस चाल. एका मुलाचे पाय सुजले, त्याला चालवेना. तो सारखं पाणी मागत होता. बंडखोरांनी बाकीच्या मुलांच्या हातात काठ्या दिल्या. ओलोयाच्याही दिली.

"तो मुलगा माझ्याबरोबर आहे," ओलोया म्हणाला. "आमच्यात याला 'चेन' म्हणतात. मेलेला माणूस मारणाऱ्याला सोडत नाही. माझी बायको होती तोवर तो मलाच धरून होता. आता तो लाकेरला धरेल अशी मला भीती वाटते. म्हणून तिला मी खोलीत झोपवत नाही. खाली पार्किंगमध्ये गाडीत झोपवतो, हीटर लावून, आणि मी बाहेर दाराला टेकून बसतो."

बंद पार्किंग, इंजिन चालू आणि आत झोपलेली पोर! गाडीच्या धुराने एखाद्या रात्री ती गुदमरली असती. मुलाच्या जिवाला धोका दिसला की डॉक्टरने बालकल्याण खात्याला कळवायचं, हा इथला कायदाच आहे, आणि कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. जयंतीबाईंनी फोन उचलला. इथवर कुणी त्यांना नावं ठेवायचं कारण नाही.

पण बाई तेवढ्यावर थांबल्या तर ना! डोक्यात ते 'मेलेला मुलगा' घुसलं होतं. गाडीचं सांगून झाल्यावर त्यांनी आणखी एक वाक्य सांगितलं: याला मेलेला मुलगा दिसतो, त्याचे आवाज ऐकू येतात, आणि तो सांगेल त्याप्रमाणे हा मुलीला इजा करू शकेल. दिसतो का, असं त्यांनी ओलोयाला विचारलंच नव्हतं. ऐकू येतो का, हेही नाही. इजा करण्याचं तर त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तो बिचारा तिच्या राखणीला बसत होता. ते सगळं बाईंनी स्वतःच्या पदरचं घातलं. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

दुसऱ्या दिवशी शाळेतूनच लाकेरला घेऊन गेले. तासाभरावरच्या मूस जॉ गावी एका फॉस्टर होममध्ये, म्हणजे सरकारने नेमलेल्या परक्या कुटुंबात ठेवलं. गाडीचं प्रकरण महिन्याभरात मिटलं असतं. ओलोयाने तेवढ्यात गाडी विकूनसुद्धा टाकली. पण ते एक वाक्य फायलीत जाऊन बसलं ते बसलंच. दर वेळी नवा अधिकारी फाईल उघडायचा, ते वाक्य वाचायचा आणि तारीख पुढे ढकलायचा. असे आठ महिने गेले.

आणि या आठ महिन्यांत ओलोया कुणाकडे येत होता? जयंतीबाईंकडेच! त्याला वाटत होतं, शाळेतल्या कुणीतरी चुगली केली. तो दर मंगळवारी क्लिनिकमध्ये यायचा, खुर्चीत बसून रडायचा, आणि जाताना म्हणायचा, "मम्मा, तुम्ही आहात म्हणून मी जिवंत आहे." त्या दिवशी बाईंना घरी जेवण जायचं नाही.

बैल गेला अन् झोपा केला म्हणतात, तशा आता बाई त्याचं नीट ऐकायला लागल्या होत्या. चेन म्हणजे वेड नव्हे, हे त्यांना हळूहळू कळत गेलं. त्याच्या गावात यावर उपाय होता. रानातून परतलेल्या मुलाला घरात घेण्याआधी उंबऱ्यावर अंडं ठेवतात. तो अनवाणी पायाने ते फोडतो, घरचे त्याला आत घेतात, आणि मग बाहेर जे घडलं ते बाहेर राहतं. ज्या मुलांचं असं झालं ती पुढे संसाराला लागली. ओलोयाचं राहून गेलं. तो रानातून पळाला तो थेट सीमेपलीकडे, तिथून छावणीत, तिथून इथे. आईबाप मधल्या काळात वारले. त्याला कुणी आत घेतलंच नव्हतं. पंचवीस वर्षं तो माणूस दाराबाहेरच उभा होता.

"वडील आज असते ना," जयंतीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. पण हे अंडं फुटायलाच हवं हो. माझ्या गोळ्यांनी जे झालं नाही ते याने होईल, असं मला वाटतंय."

नंदन, म्हणजे त्यांचे यजमान, वीज कंपनीतून रिटायर झालेले इंजिनियर. स्वभावाने थंड. ते म्हणाले, "कर की. कोण नको म्हणतंय?"

"आपल्याच दारात करायचंय. तो म्हणतो, आई म्हणण्यासारखं दुसरं इथे कोण आहे."

नंदनरावांनी चष्मा काढला. "अगं, त्याला माहीत नाहीये."

"नाहीये."

"मग राहू दे तसंच. नाव गुप्त आहे. पुढच्या गुरुवारी कोर्टात तारीख आहे ना? तिथे डॉक्टर म्हणून चार चांगले शब्द बोल, त्याची पोर त्याला मिळू दे, विषय संपव. तुझ्या कबुलीने कुणाचं भलं होणार आहे? त्याचं तरी?"

बाईंनाही ते पटलं. खोटं कशाला बोला, पटायला त्या तयारच होत्या. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात माणूस पटाईतच असतो. त्यांनी ठरवलं, आपण गप्प राहायचं आणि जिवाचं रान करून या माणसाचं घर पुन्हा उभं करून द्यायचं. म्हणजे फिटंफाट.

मुलीला दर शनिवारी दुपारी दोन तास भेटायची परवानगी होती, खात्याच्या बाईंच्या देखरेखीखाली. ही भेट आपल्या घरी होऊ द्या, असं जयंतीबाईंनी खटपट करून मंजूर करून घेतलं. सॅस्काटूनहून आचिरो नावाची एक म्हातारी अचोली बाई आली. ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली, पण डोळे असे की समोरच्याच्या मनातलं काढून घेतील. तिने सोबत टोकाला बेचकं असलेली एक लांब काठी आणली होती. धान्याच्या कणगीचं झाकण उचलायची. युगांडाहून येताना म्हणे बॅगेत मावेना, तर तिने कपडे काढून ठेवले आणि काठी घातली. काठी आली, पण अंड्याखाली एक बुळबुळीत फांदीही लागते, ती मात्र इथे कुठून मिळणार? जयंतीबाईंनी फ्रिजमधली भेंडी पुढे केली. म्हातारीने एक मोडून बोटाला चोळली आणि खदखदून हसली. "चालेल! देवाला काय, बुळबुळीतपणाशी मतलब." त्या आठ महिन्यांत बाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या असतील.

मग दोघी भेंड्या उभ्या चिरत असताना आचिरो सहज बोलावं तशी म्हणाली, "आणि घरच्यांनी आधी बोलायचं असतं, हे सांगितलं ना त्याने?"

"काय बोलायचं?"

"माणूस बाहेर असतो तेव्हा घरचे त्याच्याबद्दल काहीबाही बोलतात. मेला असेल, वाया गेला असेल, आता आपल्याला नको. ते शब्दही त्याच्या वाटेत पडलेले असतात. आमच्या घरात ते उंबऱ्यापाशी तोंडाने काढून टाकतात, मगच तो अंडं फोडतो. तुमचं काही नसेल म्हणा. पण रीत आहे. असेल तर टाका, नसेल तर नाही म्हणा. पोटात ठेवून मात्र अंडं फोडायचं नाही. ते उलटतं."

जयंतीबाईंच्या हातातली सुरी थांबली. रीत आहे म्हणे! जिचा रीतिभातींवर जन्मात विश्वास नाही, तिने सरळ नाही म्हणून मोकळं व्हावं. एका शब्दाचं काम होतं.

अडीच वाजता सगळे दारात जमले. बाहेर उणे वीस, लख्ख ऊन, अंगणात शोव्हल केलेल्या बर्फाचे ढीग. उंबऱ्यावर आडवी काठी, तिच्यापुढे भेंडी, त्यावर अंडं. आत दारापाशी आचिरो आणि जयंतीबाई, मागे नंदनराव. जिन्याच्या पायरीवर गुलाबी स्वेटरमधली लाकेर, आणि तिच्या शेजारी खात्याच्या डार्लीनबाई, मांडीवर वही घेऊन. बाहेर पायरीवर ओलोया. त्याने बूट काढले, मोजे काढले. एवढा थोरला माणूस, पण त्या वेळी तो अकरा वर्षांचा दिसत होता.

"डॅडी, युअर फीट!" लाकेर ओरडली.

"काही होत नाही गं," तो हसून म्हणाला. "आत्ता आलो."

आचिरो तिच्या भाषेत काही पुटपुटली. मग जयंतीबाईंकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "आई, हा बाहेर होता तेव्हा तुझ्या घरातून याच्याबद्दल कुणी वाईट बोललंय का?"

नाही म्हण, नाही म्हण, असं बाई स्वतःला सांगत होत्या. मागून नंदनराव हळूच खाकरले. ओलोयाने पाय उचललासुद्धा होता. त्याच्या दृष्टीने प्रश्न नावापुरताच होता. तो जयंतीबाईंकडे बघत होता आणि त्या बघण्यात इतका विश्वास होता की बाईंना तो सोसवेना.

"मी बोलले," जयंतीबाई म्हणाल्या.

ओलोयाला वाटलं, रीतीचाच भाग आहे. तो मान डोलावून थांबला.

"खात्याला फोन मी केला होता. गाडीचं सांगणं माझं कर्तव्य होतं, ते मी पुन्हाही करीन. पण तुला मेलेला मुलगा दिसतो, तो तुझ्याशी बोलतो, तू लाकेरला काही करशील, हे मी सांगितलं. तू असं काही म्हणाला नव्हतास. मी विचारलं नव्हतं. मी माझ्या मनाने घातलं ते. लाकेर तिकडे आहे ती माझ्या त्या एका वाक्यामुळे आहे."

डार्लीनबाईंनी वहीवर पेन टेकवलं आणि लिहायला लागल्या.

ओलोयाचा पाय अंड्यावर अधांतरी होता. तो त्याने मागे घेतला, पायरीवर टेकवला.

"त्या मुलाबद्दल मी माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. आवाज चढला नाही, काही नाही. "ती मरायला टेकली होती तेव्हा तिने विचारलं, तुला झोपेत काय होतं. तेव्हाही नाही सांगितलं. फक्त तुम्हाला सांगितलं. तुम्ही ऐकत होता तेव्हा तुम्हाला वाटत होतं, हा वेडा आहे?"

"हो."

"आणि नंतर? आठ महिने? मी रडत होतो तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो, ओलोया. माहीत होतं."

"जो मला मारायला आला त्याला मी घाबरलो नाही कधी," तो म्हणाला. "तो निदान समोरून येतो."

त्याने मोजे घातले, बूट घातले. लाकेरला हाक मारली. डार्लीनबाईंनी घड्याळ पाहिलं. भेटीची पंचेचाळीस मिनिटं उरली होती. ती त्या बापलेकीने खात्याच्या गाडीत बसून काढली, मागच्या सीटवर, पुढे डार्लीनबाई. घरात पाऊल टाकायला तो तयार नव्हता. जयंतीबाई खिडकीतून बघत उभ्या राहिल्या. गाडीच्या काचांवर वाफ धरली आणि मग काही दिसेना.

"बाई, मी चुकले का?" त्यांनी आचिरोला विचारलं.

म्हातारीने काठी उचलली, भेंड्या गोळा केल्या. "बोललीस ते बरोबर. पण फार उशिरा बोललीस. हे घर आता त्याला आत घेऊ शकत नाही." अंडं तिने नळाखाली धुतलं आणि टेबलावर ठेवलं. "फुटलं नाही, म्हणजे नुसतं अंडंच आहे. उद्या खाऊन टाका."

नंदनरावांनी चहा टाकला. मी सांगितलं होतं, असं म्हणायची चांगली संधी होती, पण म्हणाले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

गुरुवारी फॅमिली कोर्टात दहा वाजता पुकारा झाला. डार्लीनबाईंनी शनिवारचं सगळं लिहून दिलं होतं, त्यामुळे सगळ्यांत आधी जयंतीबाईंना उभं केलं. त्यांनी आपलं वाक्य मागे घेतलं. नवशिकी असती तरी चाललं असतं, सत्तेचाळीस वर्षं प्रॅक्टिस केलेली बाई असं कसं करते, हे खात्याच्या वकिलाने तीन-तीनदा विचारलं. बाईंनी तीनदा सांगितलं, की मी विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. तोंडावर पडणं म्हणजे काय ते पंच्याहत्तराव्या वर्षी त्यांना कळलं, आणि गंमत म्हणजे त्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांची नजर ओलोयाकडे लागली होती. तो उसन्या कोटात ताठ बसला होता आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

मग जज्जबाईंनी त्याला विचारलं. मऊ आवाजात, माणुसकीने विचारलं. "हा जो मुलगा आहे, ज्याच्याबद्दल तुम्ही डॉक्टरांना सांगितलं होतं, तो अजूनही तुमच्याबरोबर आहे असं वाटतं का?"

"नाही," ओलोया म्हणाला. "कुणी नाही. कधीच कुणी नव्हतं. बायको गेली होती, झोप नव्हती, काहीतरी बोलून गेलो. आता मला छान झोप लागते."

त्याच्या वकिलाने सुस्कारा सोडला. खात्याच्या वकिलानेसुद्धा मान डोलावली. सगळ्यांना हायसं वाटलं. जयंतीबाईंना मात्र ते ऐकवेना. पाचच दिवसांपूर्वी हाच माणूस उणे वीसमध्ये अनवाणी उभा होता, त्या मुलासाठीच. तो मुलगा कुठे गेला नव्हता. तो त्या क्षणी कोर्टातसुद्धा ओलोयाच्या शेजारीच बसलेला असणार. अगं जयंती, तू हे काय म्हणतेयस, असं बाईंच्या मनात आलं, आणि तरी त्यांना ते तसंच वाटत राहिलं.

जज्जबाई वळल्या. "डॉक्टर, आठ महिने तुम्हीच यांना बघताय. हे म्हणतात ते बरोबर आहे? आता काही त्रास उरलेला नाही?"

खरं सांगायचं तर काय सांगणार होत्या बाई? की नाही हो, हा खोटं बोलतोय? याचा त्रास आहे तसाच आहे, पण तो वेडाचा नाही, तो पोरीला धोका नाही, आणि त्यावरचं औषध माझ्या दारात आणून मीच नासवलं? वकील लगेच नवी तपासणी मागणार. त्या तपासणीला नऊ महिने थांबावं लागतं. तोवर लाकेर मूस जॉला दुसऱ्या कुणाला मॉम म्हणायला लागणार. बाईंनी ओलोयाकडे पाहिलं. त्याने त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं होतं. डोळ्यांत राग नव्हता. नुसती विनवणी होती, ज्याने आधी घात केला त्याच्याचकडे करावी लागलेली.

"बरोबर आहे," जयंतीबाई म्हणाल्या. "काही त्रास नाही."

निकाल वीस मिनिटांत झाला. शुक्रवारपासून मुलगी बापाच्या ताब्यात, सहा महिने देखरेख, इच्छा असल्यास समुपदेशन. ओलोयाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग उठला, वकिलाशी हात मिळवला, डार्लीनबाईंशी मिळवला, आणि जयंतीबाईंच्या बाकाला वळसा घालून बाहेर पडला. क्लिनिकमधली मंगळवारची वेळ त्याने त्याच दुपारी फोन करून रद्द केली. आता गरज नाही, म्हणाला.

नंदनराव गाडी गरम करून कोर्टाच्या दाराशी थांबले होते. बाई आत बसल्या आणि रडायला लागल्या, सीटबेल्ट लावायचंही विसरल्या. नंदनरावांनी वाकून लावून दिला.

"झालं ना मनासारखं?" ते म्हणाले. "मिळाली ना पोर त्याला? मग आता का रडतेस?"

"अहो, तो खरं बोलला तेव्हा मी त्याची मुलगी घालवली," जयंतीबाई म्हणाल्या. "आज खोटं बोलला तेव्हा मिळाली. आता तो जन्मात पुन्हा कुणापाशी तोंड उघडेल का हो?"

नंदनरावांनी गाडी गिअरमध्ये टाकली. रस्त्यावर बर्फ होतं, ते सावकाश चालवत राहिले.